आमच्या गाडीला लागलेली धाप

सोलापूर,
गुरुवार सकाळ

तीर्थस्वरूप वेणीमाधवदादा यांना इंद्रायणीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, तसाच स्वीकारावा). तुमची शुगर, रुक्मिणीवहिनींची कंबर आणि मिरजेचे पाणी ही तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. फोन न करता पत्र लिहिते, कारण माझे दुसरे वाक्य सुरू झाले की तुम्ही "देवाची इच्छा" म्हणता आणि फोन वहिनींच्या हातात देता. कागदाला तशी सोय नाही. आज मला एका जागी बसवतही नाही. एवढे लिहीपर्यंत दोनदा उठून गॅलरीतून खाली गाडी पाहून आले. गाडी आहे, किल्ली नाही. आमच्या चिरंजीव सुबोधने पुण्याहून हुकूम सोडून ती शेजारच्या पार्वतम्मांकडे ठेवायला लावली आहे, आणि त्यांनी ती देव्हाऱ्याच्या खणात बालाजीच्या मागे ठेवली आहे. शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईची ही अवस्था.

झाले ते असे. महानंदा ही माझी कॉन्व्हेंटमधली मैत्रीण, हल्ली कुंभारीला मुलाकडे असते. दर गुरुवारी मी तिला तिथून उचलते आणि आम्ही होटगीच्या बाजूला, मनात आले तर मैंदर्गीपर्यंत, नुसत्या जाऊन येतो. देवदर्शन नाही, खरेदी नाही. तिची सून विचारते, "कुठं चाललाय?" महानंदा सांगते, "गाडीत." आठवड्यातला तेवढाच वेळ आम्हाला कुणी गोळ्या घेतल्या का म्हणून विचारत नाही. तर अशाच एका गुरुवारी रेल्वेच्या पुलाचा चढ चढताना गाडीला धाप लागली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ती पुढे जाईना, मागे काळाकुट्ट धूर, आणि बॉनेटखालून बारीक शिट्टी. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला, आणि त्यावरच्या इसमाने वळून आम्हाला हात जोडले! (महानंदाने उलट नमस्कार केला. तिला वाटले, ओळखीचा आहे.)

होटगी रोडवर गुरु नावाच्या मेकॅनिकचे गॅरेज आहे. त्याने कानातले गाणी ऐकायचे यंत्र न काढता आणि बॉनेट न उघडता सांगितले, "टर्बो गेलाय की मॅडम." टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावरच फिरणारा एक पंखा, तो इंजिनात जादा हवा कोंबतो, म्हणून डिझेलच्या गाडीला जोर येतो. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने तितक्याच आत्मविश्वासाने सायलेन्सर चोंदल्याचे जाहीर केले आणि कापायला करवत मागवली. हे डॉक्टर असते तर एकाने हृदय बदलले असते आणि दुसऱ्याने नाक कापले असते. मी गाडी घरी आणली.

मग मी स्वतः तपासायला घेतले. सायलेन्सरमागे पांढरा रुमाल धरला. काजळी धरली, म्हणजे डिझेल आहे पण हवा पुरत नाही (हे मी इंटरनेटवर वाचले, वाचता येते मला). पार्वतम्मांना ॲक्सिलरेटर दाबायला बसवले आणि टर्बोच्या रबरी पाइपांवर रिठ्याचे पाणी सोडले, कारण पाइप फुटला असेल तर बुडबुडे येतात. बुडबुडे आले नाहीत. पार्वतम्मा मात्र आतून ओरडल्या, "बाई, न्हाऊ घालताय तर शिकेकाई पण आणू का?" मी रोज सकाळी गाडी सुरू करून पाही, तेव्हा ती शिट्टी कुकरची समजून त्या आमच्याकडे भात किती शिजतो याचा हिशेब करत होत्या, हेही तेव्हाच कळले.

शाळेत आमच्या सिस्टर ॲग्नेस सांगत, मूल धापा टाकत असेल तर आधी नाक बघा, मग फुप्फुसाची काळजी करा. तेव्हा गुरुला घरी बोलावले आणि विचारले, या गाडीचे नाक कुठे आहे? त्याने नाइलाजाने एअर फिल्टरच्या काळ्या डब्याच्या क्लिपा काढल्या. दादा, आत झेंडूचा हार होता! नीट गोल घडी घालून, फिल्टरवर दाबून बसवलेला. त्याखाली आणखी एक, तपकिरी. त्याखाली आणखी एक, भुगा झालेला. मध्ये हळदकुंकू लागलेली सुपारी, आपट्याची पाने. म्हणजे दर दसऱ्याला वाहनपूजा झाल्यावर गाडीचे निर्माल्य कुणीतरी इंजिनाच्या नाकात कोंबत होते, आणि यंदा जागा संपली. हे करणारा माणूस भाविक असेल, पण त्याला डबा आणि नाक यांतला फरक कळत नाही, आणि अशा माणसाला बॉनेटपासून हातभर लांब बांधून ठेवावे असे माझे स्पष्ट मत आहे.

गुरुने ते दृश्य तत्परतेने व्हिडिओ कॉलवर सुबोधला दाखवले. सुबोध डॉक्टर बोलतात तशा मऊ आवाजात म्हणाला, "आई, हे तूच ठेवलंस ना? आठवत नाही का तुला?" मी नाही म्हटले. तो "बरं" म्हणाला. त्या "बरं"ने मला झोप नाही. त्याच्या मते मी आता विसरते, आणि विसरणाऱ्या बाईने गाडी चालवू नये. पुढच्या रविवारी तो येऊन गाडी विकायला नेणार आहे. मग मी गुरुवारी महानंदाच्या अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तिच्या सुनेचा चहा प्यायचा.

असो. प्रकृतीला जपावे. वहिनींना नमस्कार.

तुमची धाकटी बहीण,
इंद्रायणी

ता. क. – वहिनींनी काल फोनवर सहज सांगितले: "अगं, ते ह्यांनीच ठेवलेत. दर दसऱ्याला तुझ्याकडे येतात तेव्हा. फुलं पायदळी येऊ नयेत म्हणून. झाकणाचा छान डबा आहे म्हणाले." घरच्या ग्रुपवर मी त्या हारांचा फोटो टाकला तेव्हा तुम्ही त्याला हात जोडलेले चित्र पाठवले होते, तेही पाहिले. तेव्हा रविवारच्या आत सुबोधला स्वतः फोन करा आणि काय केलेत ते सांगा. "देवाची इच्छा" हे शब्द न वापरता. तुम्ही कधी चुकत नाही असे त्याला लहानपणापासून वाटते; माझी गाडी वाचणार असेल तर तेवढे त्याने सोसावे.

ता. क. दुसरा – संध्याकाळी लिहिते. पार्वतम्मांनी आजच्यापुरती किल्ली दिली. नवा फिल्टर घातला, काळा धूर गेला, पण आता निळा येतो आहे. गुरु म्हणतो, हवा मिळेना म्हणून टर्बोने आतले तेल ओढले आणि तो खरोखरच गेला. म्हणजे तो पहिल्या दिवशी म्हणाला ते बरोबर होते (हे मी त्याला सांगितलेले नाही). टर्बो रविवारच्या आत बसेल. याबद्दल सुबोधशी अक्षर बोलू नका. खोटे बोला असे मी म्हणत नाही. विचारले नाही तर सांगायचे नाही, एवढेच. इतके दिवस तुम्हाला ते उत्तम जमले आहे.