हौशीराम पैलवानाचा मुक्काम

९ फेब्रुवारी १९३६, कार्ले

पुन्हा पेपरात नाव! बाबांनी लोणावळ्याहून धाडला. बाबा रेल्वेत पॉइंट्समन. गाडीत लोक पेपर विसरतात ते गोळा करतात आणि जावयाचं नाव दिसलं की माझ्याकडे पाठवतात. ‘मावळचे मशहूर मल्ल हौशीराम यांनी मिरजेच्या मैदानात प्रतिस्पर्ध्यास नवव्या मिनिटास अस्मान दाखविले.’

नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. लिहायला कोण अडवतंय? हौशीराम. हौशीराम. हौशीराम. झालं!

कात्रण ट्रंकेत टाकलं. एकोणसत्तर झाली. नवरा माझ्याकडे येतो तो असा, तुकड्यातुकड्यांनी.

१४ फेब्रुवारी

विहिरीवर विठाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, “पैलवानीनबाई, पाळणा कवा हलायचा तुमचा?” मी हसून म्हटलं, पैलवानांना विचारा. घरी येऊन भांडी आपटली. सासूबाई म्हणाल्या, “भांड्यांनी काय केलंया तुजं?”

काय सांगू त्या विठाबाईला? लग्न झालं तेव्हा हे जत्रांतून नारळ-फेट्यावर खेळायचे. मग चांदीचं कडं मिळालं. मग दक्षिणेतल्या एका संस्थानानं पगारावर ठेवून घेतलं. राहायला तालीम, खायला बदाम, तूप, दूध. तिथले रखमाजी वस्ताद लंगोटाच्या बाबतीत फार कडक. त्यांनी मारुतीपुढं शपथ घालून घेतली – कुस्ती चालू आहे तोवर घरी मुक्काम करायचा नाही. बारा वर्षांत हे घरी किती रात्री राहिले ते मी मोजलंय. मोजू नये, पण मोजलं. एकतीस.

त्यातल्या आठ, परवाच्या दिवाळीतल्या. आई आजारी म्हणून सोडलं होतं. आई दोन दिवसांत बरी झाली, हे आठ दिवस राहिले. ते आठ दिवस! मी इथं लिहिणार नाही. मग पौषात सांगलीकडे सहा मिनिटांत चीत झाले. वस्ताद भर मैदानात म्हणाले, “घरचं अन्न बाधलं.” कुठलं अन्न ते सगळ्यांना कळलं. आठवडाभरात कार्ल्यातही कळलं. सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. बायका मला बघून पदर तोंडाला लावायच्या. पैलवान खाल्ला म्हणे मी!

२ मार्च

पत्र आलं. हे लिहीत नाहीत. तालमीत ज्याला येतं तो लिहून देतो, त्यामुळे अक्षर दर वेळी वेगळं आणि त्यात माझ्यासाठी काहीच नसतं. पण या वेळी बातमी आहे! एप्रिलच्या सव्वीस तारखेला लोणावळ्यात मैदान. खंडाळ्याच्या बंगल्यांतले शेट लोक भरवतायत. जोड उत्तरेकडच्या पैलवानाशी. तो अजून कुणाला चीत झालेला नाही. चांदीची गदा. आणि खाली एक ओळ – ‘ही शेवटची. जिंकलो तर शपथ सुटली.’

ती ओळ चार वेळा वाचली. सासूबाईंनी विचारलं, एवढं काय लिवलंया? म्हटलं, सगळ्यांना नमस्कार सांगितलाय.

२७ मार्च

पाडवा झाला. माजघर सारवलं. नवी गोधडी शिवायला घेतली, लांब घेतली. गेणू भावजींनी विचारलं, “वैनी, येवडी लांब कुनाला?” म्हटलं, थंडीला! चैत्रात!

१३ एप्रिल

खंडाळ्याला येऊन उतरलेत. एका बंगल्याच्या मागल्या खोल्यांत. चारेक कोसांवर आहेत. गेणू भावजी भेटायला गेले होते. भाऊ असून नीट बोलू दिलं नाही म्हणे. वस्ताद मधे बसून होते. “भाऊ गप गप व्हते,” म्हणाले.

२१ एप्रिल

कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथं.

सासूबाई आणि भावजी नणंदेकडे गेलेत, नवलाख उंबऱ्याला. दिवेलागणीला मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. अंगणात कुणी माणूस येऊन उभा. डोक्याला पंचा, अंगात बंडी. मी ओळखलं नाही! स्वतःच्या नवऱ्याला ओळखलं नाही मी!

“कस्तुरा, मी हाय.”

वस्तादांना देवाला जातो सांगून चालत आले होते. ओट्यावर बसले. माझ्याकडे बघायचं तर मान वळेना, सगळं अंग वळवायचे. “मान धरलीया. दीड म्हैना झाला. उजव्या हाताला मुंग्या येत्यात. वस्ताद म्हनत्यात, तेल चोळ, जाईल.” मग खाली बघून – “मला ऱ्हाऊ दे हितं. न्हाई खेळत मी. लय झालं आता.”

बारा वर्षं हेच ऐकायला बसले होते मी.

आणि तोंडातून काय निघालं? “पाच दिवस राहिलेत फक्त.” म्हटलं, “आज तुम्ही इथं राहिलात आणि मैदानात हरलात, तर मला हे गाव जगू देईल का?”

“खेळलोच न्हाई तर हरीन कसा?”

“मग म्हणतील बायकोनं भित्रा केला.”

भाकरी आणि दूध दिलं, ओट्यावरच. उंबरा ओलांडू दिला नाही मी! एकदा आत आले असते तर मलाच धाडवलं नसतं. ते जेवले, तांब्या खाली ठेवला, “बरं” म्हणाले आणि उठले. दोनशे वीस रत्तलांचा माणूस. जाताना अंगणात लहान दिसला.

बरोबर केलं. पैलवानाच्या बायकोनं हेच करायचं असतं.

२२ एप्रिल

बरोबर केलं ना?

२६ एप्रिल, लोणावळा

बाबांच्या क्वार्टरात आले आहे. आखाड्यावर बाईमाणसाची सावलीसुद्धा चालत नाही. इथं निदान ऐकू तरी येईल. बारा वर्षांत मी यांची एकही कुस्ती पाहिलेली नाही. पेपर वाचणाऱ्या सगळ्या महाराष्ट्राला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

सकाळपासून गाड्या भरून लोक उतरतायत. बाबा दुपारीच गेले. मी आणि शेजारची रतनबाई परसात उभ्या. चार वाजल्यापासून हलगी. हलगी जोरात झाली की मी कुंपणापर्यंत जाऊन परत यायचे. रतनबाई म्हणे, “बसा वो, पाय दुखतील.” मग एकदम ओरडा उठला, येवढा मोठा की झाडावरचे कावळे उडाले. रतनबाईनं माझा हात धरला. “जितले! कुनीतरी जितलं!”

कोण?

आणि मग हलगी थांबली. जिंकल्यावर हलगी थांबत नाही, वाढते. एवढं मलाही माहीत आहे.

२७ एप्रिल

जिंकले. उत्तरेकडचा पैलवान पहिल्यांदा चीत झाला. सतराव्या मिनिटाला.

भावजी सांगत होते, रडत होते. “त्यानं भाऊला खाली घेतलं, मानंवर गुडगा दिला. आमी म्हनलं संपलं. भाऊनं सगळा भार मानंवर घेतला अन् गरकन फिरलं, त्यो खाली, भाऊ वर! पंचांनी निशान केलं. फेटं उडलं. लोकं खांद्यावर घ्यायला धावली, अन् वैनी… भाऊ उटंनातच.”

हातपाय गेलेत. शुद्ध आहे. डॉक्टरांनी टाचणीनं टोचलं, कळलं नाही म्हणे. पेपरात बाबांनी दाखवलं – अर्धा रकाना कुस्तीचं वर्णन आणि शेवटी ‘विजयी मल्लास मानेस किरकोळ दुखापत झाल्याचे समजते.’

किरकोळ!

१ मे, कार्ले

आणलं. बैलगाडीत पेंढ्यावर घालून. चौघांनी उचलून आत घेतलं. उंबरा ओलांडताना माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

२ मे

गोधडी पुरते. बरोबर लांब झाली आहे.

६ मे

सासूबाई आज सकाळपासून सुरू. “कुनाचा पायगुन म्हनायचा ह्यो? कुनाची नदर लागली माज्या ल्येकाला?” मी चुलीपाशी खाली मान घालून. बाजेवरून आवाज आला, “आये, गप ऱ्हा. हिचं काय न्हाई त्यात.”

त्या संध्याकाळचं कुणालाच ठाऊक नाही. एक शब्द काढत नाहीत हे. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

११ मे

वस्ताद आले, गदा घेऊन. पायाशी ठेवली. मोठा माणूस, कान दोन्ही फुटलेले, डोळ्यांत पाणी. तरी म्हणाले, “हिंदुस्थानात आता याच्या तोडीचा नाही. उठू दे, वर्षात परत उभा करतो. आता तर पाहिजे ती जोड मिळेल!” मला त्यांचा पत्ता घातलेली पाच कार्डं दिली. “बाई, तुम्हाला लिहिता येतं. बोट हललं की त्या दिवशी कळवा.”

शपथेचं विचारायचं होतं. ‘ही शेवटची’ असं लिहिलं होतं ना? पण समोर गदा, दारात सगळं गाव. कसं विचारू?

डॉक्टर म्हणाले, ताकद येईलही, नाहीही. आली तर बोटांपासून सुरुवात होते.

२४ मे

रोज पहाटे पहिलं काम – बोटं. एकेक धरून विचारते, “हलतंय का?” “न्हाई.” दहाही बोटं. मग तोंड धुवायचं.

आज कळलं की यांना आंबेमोहराची पेज आवडते, मीठ जास्त, तूप नको. तूप नको! आयुष्यभर तूप प्यालेला माणूस. म्हणाले, “त्या वासानं मला वकायला येतंया. पैल्यापासून.” मी हसले. तेही हसले. बारा वर्षांत मी यांना हसताना पाहिलं नव्हतं. मग माजघरात जाऊन रडले.

७ जून

आज धीर केला. पाय चोळताना म्हटलं, “त्या दिवशी मी तुम्हाला ठेवून घ्यायला हवं होतं.”

म्हणाले, “तू कुटं चुकलीस? पैलवानाची बायको हाईस.”

याहून थोबाडीत मारली असती तर.

१५ जून

मी ठरवलंय. माझ्यामुळे गेलं ते मीच परत मिळवून देणार. ट्रंक काढली आणि रोज दोन-दोन कात्रणं वाचून दाखवते. जुनी मैदानं, जिंकलेली कडी. म्हणते, “उठाल तुम्ही. पुन्हा मैदान माराल. बोट हललं की त्याच दिवशी वस्तादांना कार्ड टाकते!” भिंतीकडे बघत पडतात. मन खचलंय. उभारी द्यायला हवी.

२९ जून

“हलतंय का?”

“न्हाई.”

आज मला वाटलं करंगळीत काहीतरी जाणवलं. माझाच भास.

८ जुलै

लावणी सुरू. सगळी शेतावर. दिवसभर हे एकटे पडून असतात. संध्याकाळी मी आले तर यांचं तोंड टवटवीत. विचारलं, आज बरं वाटतंय? “व्हय, झोप लागली.” वस्तादांना कार्ड लिहून तयार ठेवलंय, फक्त तारीख घालायची. यांना वाचूनही दाखवलं.

१९ जुलै

डोकं दुखत होतं म्हणून दुपारी एकटीच शेतावरून परत आले. मागच्या दाराशी मी चिखलाचे पाय धूत होते. दार अर्धं लोटलेलं.

हे उभे होते. माठापाशी. एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्यात तांब्या. सावकाश पाणी प्याले. तांब्या होता तसा ठेवला. जमिनीवर सांडलेलं पायानं पुसलं. मग चालत – चालत! – बाजेवर गेले, आडवे झाले, गोधडी छातीपर्यंत ओढली आणि उजवा हात सकाळी मी ठेवला होता तसाच उताणा टाकला.

हे आजचं नाही. एका दिवसात कुणी असं चालत नाही. कितीतरी दिवस झाले असतील. वस्ताद शंभर कोसांवर. आईला लिहिता येत नाही, भावाला येत नाही. घरात बोटं तपासणारी मी, कार्ड टाकणारी मी. माझ्यापासून लपवतायत. मी परत धाडीन म्हणून.

तशीच मागं फिरून अंगणात गेले. मोठ्यानं खाकरले, बांगड्या वाजवल्या, मग आत आले.

“पाणी देऊ?”

“दे,” म्हणाले.

मी मान उचलून धरली आणि पाजलं.