अंजनावरच्या तुडतुड्याची व्यवस्था

मी, लक्ष्मण महादेव भोयर, वय अठ्ठावन्न, हायस्कुलात जीवशास्त्राचा मास्तर, राहणार पिपरी मेघे, जिल्हा वर्धा, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. येत्या सोमवारी नागपुरात पोटाचे ऑपरेशन आहे आणि मी फार घाबरलो आहे, एवढेच. बुद्धी शाबूत आहे.

१. राहते घर, पोस्टातली शिल्लक व सायकल पत्नी विमलाबाई हिची. सायकल तिने खुशाल विकावी, फक्त आपल्या भावाला फुकट देऊ नये. चौदा वर्षांपूर्वी त्याने माझी छत्री नेली, ती अजून त्याच्याकडेच आहे.

२. सूक्ष्मदर्शक, भिंगे व काचेच्या झाकणाची पेटी मुलगी नलू हिला. पेटीत तीन कीटक आहेत: दोन माद्या, एक नर. तांदळाच्या दाण्याहून लहान, हिरवट, डोक्यावर काळी कमान, पंखांच्या टोकाला तांबूस डाग. १९८१ च्या भाद्रपदात शेजारी रूपराव यांच्या बांधावरील अंजनाच्या झाडावर मला सापडलेली तुडतुड्याची ही नवी जात. दुसऱ्या कुठल्याही झाडावर ती दिसली नाही. पेटीतल्या डांबरगोळ्या दोन महिन्यांनी बदलाव्यात. मुंग्यांची मला सतत धास्ती वाटते.

३. तेव्हा माझ्याकडे माद्याच होत्या. दिल्लीच्या तज्ज्ञांनी कळवले, माद्यांवरून जात ठरत नाही, नराच्या पोटाचे टोक तपासावे लागते. मी आनंदाच्या भरात रूपरावांना सांगून बसलो, तुमच्या अंजनावर नवीन तुडतुडा आहे, आता नर तेवढा मिळायला हवा. आमच्या मुलखात तुडतुडा म्हणजे कपाशीचा रस शोषणारा वैरी. आठ दिवसांनी गेलो तर झाड आडवे, फांद्या जळत होत्या.

"काऊन तोडलं, रूपराव?"

"गुरुजी, तुमी सांगतलं म्हणून बरं झालं. आपल्या बांधावरच दडून बसला होता चोट्टा. आता पऱ्हाटीले धोका नाई."

हा तुडतुडा कपाशीला शिवतही नाही, हे सांगायचे मी विसरलो होतो. रूपरावांना कोणीही बोल लावू नये.

४. पुढचे मी विमललाही सांगितलेले नाही. दुसऱ्या वर्षी बुंध्याला फुटवे आले. त्यांवर एक तुडतुडा बसला होता. एकच. मी त्याच्यावर विषाची बाटली लावली. घरी भिंगाखाली पाहिले, तो नर निघाला. त्या दिवशी मी शाळेत पेढे वाटले. त्यानंतरचे दोन भाद्रपद मी आसपासची सगळी अंजने पालथी घातली, एकही सापडला नाही. नव्या जातीचे वर्णन लिहून तयार आहे, पण दिल्लीला पाठवायला हात धजत नाही. शेवटचा मीच मारला असेल का? ऑपरेशनपेक्षा मला ह्याची भीती जास्त वाटते.

५. नलू, मी गेलो तर वर्णन पाठव. त्यात 'दुर्मिळ' असे लिहिले आहे, ते खोडून वर कलम चारमधली हकिकत जशीच्या तशी घाल. दर भाद्रपदात अंजनांखाली जात जा. कधी एखादा दिसलाच, तर पकडू नकोस. कोणाला सांगू नकोस. मी ऑपरेशनातून वाचलो, तर मलाही सांगू नकोस.

साक्षीदारांनी माझी सही होताना पाहिली आहे, मजकूर वाचलेला नाही.

(सही) लक्ष्मण महादेव भोयर

साक्षीदार:
(सही) ताराचंद, किराणा दुकानदार
(सही) रामाजी, हायस्कुलातील शिपाई

पिपरी मेघे, ९ ऑक्टोबर १९८४