बठ्ठे लोक

आबा, रविवारी दुपारी टीव्हीवर मुलांसाठी कार्टूनचा एक खास कार्यक्रम लागला होता, आणि तो बघता बघता मला तुमचाच राग आला. मरून एकोणीस वर्षं झालेल्या माणसावर कसला राग काढतेस, असं तुम्ही म्हणाल. पण ऐका. त्या कार्टूनमधल्या शाळकरी मुलीला वर्गातला एक मुलगा आवडतो. त्याला नेहमी सी ग्रेड, हिला ए. मग त्याच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून ही मुद्दाम त्याच्यासारखंच चुकीचं उत्तर लिहिते. बाईंना दोन पेपर सारखे दिसतात, बाई हसतात, सगळा वर्ग गाणं म्हणतो, संपलं. माझी तेरा वर्षांची लेक पोट धरून हसत होती आणि मी टीव्ही सोडून तिच्याकडे बघत होते. एवढं हसण्यासारखं काय होतं त्यात? या परीक्षेत ती ए-वनवरून बी-वनवर आलीय. शिवाय महिनाभरापासून तिच्या वहीतला 'ल' बदललाय. पूर्वी साधा काढायची, आता शेवटी झोकदार वळण देते. अक्षर असं आपोआप बदलत नाही, ते कुणाचं तरी असतं. हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत होतं.

पारोळ्याला आठवीत तुम्ही आम्हाला मराठी शिकवायचात. घरात तुमचा नियम कडक. अहिराणीतलं 'शे' म्हणायचं नाही, 'आहे' म्हणायचं. आईची जीभसुद्धा माहेरी गेल्यावरच मोकळी व्हायची. सहामाहीला 'आमच्या गावचा बाजार' हा निबंध आला. माझ्या तिरकस पुढच्या बाकावर तो बसायचा, मला आवडणारा मुलगा. त्याचं अक्षर मोठं, मागून सहज वाचता येणारं. त्याने लिहिलं, 'आमच्या बाजारात बठ्ठे लोक येतात.' मला 'सगळे' लिहिता येत नव्हतं असं नाही. पण मला तोच शब्द हवा होता, त्याच्या पेनातून आलेला. मी ते वाक्य उतरवलं, पुढची दोनही उतरवली, आणि आम्ही दोघं एकाच बाजारात हिंडतोय असं वाटून मला फार आनंद झाला होता.

संध्याकाळी तुम्ही दोन्ही पेपर घेऊन स्वयंपाकघरात येता. आई कळण्याची भाकरी थापतेय.

"हा शब्द तुझ्या पेनात कुठून आला?"

आईचे हात थांबतात.

"त्याने माझं बघितलं," मी म्हणते.

विचारलं काय आणि मी सांगितलं काय. तुम्ही चष्मा काढून धोतराला पुसलात, "बरं" म्हणालात आणि निघून गेलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला वर्गात उभं केलंत. "कॉपी केलीस?" त्याने एकदाच वळून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "हा सर, मनी चूक शे." चूक माझी आहे म्हणतानाही तुमच्यासमोर 'शे' म्हणाला म्हणून पोरं हसली. त्याला निबंधात शून्य मिळालं आणि वार्षिक परीक्षेपर्यंत शेवटचा बाक. माझ्या पेपरात 'बठ्ठे'खाली लाल रेघ होती आणि अर्धा मार्क कापलेला होता.

तेव्हापासून मला तुमचा संशय येतो, आबा. घरात 'शे' ऐकलं की ज्याचा घास अडायचा, त्याला 'बठ्ठे' कुणाच्या घरचा शब्द हे कळलं नसेल? माझं बघून लिहिणाऱ्याच्या घरची बोली माझ्या पेपरात कशी येईल? तुम्हाला कळलं होतं. सरांच्या पोरीचं नाव राखायला तुम्ही त्या पोराचा बळी दिलात. मनातल्या मनात मी तुम्हाला कितीदा उलटतपासणीला उभं केलं असेल. प्रत्येक वेळी तुम्ही चष्माच पुसता.

रविवारी कार्टून संपल्यावर मी लेकीची वही तिच्यापुढे धरली. "हा 'ल' कुणाचा?" आवाज हुबेहूब तुमचा निघाला.

"मागच्या बेंचवरच्या मुलाचा. भारी काढतो ना? मला आवडतो."

"'ल' आवडतो की मुलगा?"

"दोन्ही."

"आणि बी-वन?"

"तो माझाच आहे, मम्मी. मी अभ्यासच केला नव्हता." एवढं बोलून ती शेवेचा डबा घेऊन गॅलरीत गेली. तिच्या मागे जाऊन आणखी काही विचारावं असं मला वाटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

एक सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी धुळ्याला एका लग्नात तो भेटला. केस पिकलेत, आवाज तोच. जेवणाच्या रांगेत त्याने बायकोला माझी ओळख करून दिली, "आमना सरनी पोर शे. भलती हुशार व्हती." थट्टा करतोय का, म्हणून मी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. थट्टा नव्हती. मी "काहीतरीच तुमचं" म्हणाले आणि ताट घेऊन पुढे सरकले.

आता हे पत्र मी तुम्हाला का लिहितेय, याचाच मला संशय येऊ लागलाय. जळगावहून धुळं दोन तासांवर. लग्नातून निघताना त्याने दिलेला नंबर माझ्या मोबाईलमध्ये आहे. पण त्याला लिहिलं तर तो उत्तर देईल. तुम्ही देणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.