सायबाईचे बॉल अन् माही गोफण

२५ सप्टेंबर, गुरुवार

माही बबिता पायरीवरून पडली म्हणे! पायरीवरून पडलं तं टोंगळा फुटते, कोपर सोलते. समोरचा एकटा दात कसा पडते? अन् गळ्यावर चार बोटं उमटली ती कोणत्या पायरीची? जमाई शाम फोनवर हे सांगून राह्यला अन् बबिताचा बाप इकडून "हाव, हाव" करून राह्यला. मी फोन हिसकला. म्हटलं, त्या पायरीले घेऊन ये माह्या दारात, पाहू दे कशी दिसते. त्यानं फोन बंद केला.

तिसऱ्यांदा आली पोरगी. पहिल्या वक्ताले कान, दुसऱ्या वक्ताले बरगडी, आता दात. बरगडीच्या वक्ताले त्यानं कळंबच्या चिंतामणीपुढं शपथ खाल्ली होती का हात उचलणार नाही. शपथ कळंबले राह्यली, हात त्याच्या घरी महागावले गेला.

लिहून बोट दुखते. चौथीनंतर पाटी सुटली माही. पण तोंडानं बोललं तं या घरात कोणी पुरं बोलू देत नाही. वही मधात तोडत नाही.

२६ सप्टेंबर

बबिता भाकर पाण्यात भिजवून गिळते. तिचा बाप पाठ फिरवून जेवला.

२९ सप्टेंबर, सोमवार

जवारीत दाणा भरून राह्यला, राघू उतरले. वावराच्या राजूरकडच्या बाजूले खदानीच्या कॉलनीचं मैदान आहे. सायब लोकं सकायीच तिथं दांड्यानं गोल्फ खेळते, अन् त्याईचे कितीक बॉल तारेवरून माह्या कापसाच्या पराटीत येऊन पडते. येचून येचून डालगं भरलं. बाकीच्या बाया गोफणीसाठी मातीचे गुंडे वळते, उन्हात वाळवते. मी कायले वळू? सायब पुरवून राह्यले ना.

एखादा पिवळा सोडला तं दिसाले सगळे पांढरे, पण एक दुसऱ्यासारखा नाही. हातात घेतल्याबिगर कळत नाही. लाल पट्ट्याचा आहे तो निस्ता गोटा. दोन एकमेकावर आपटले तं टक् वाजते, दातात कळ जाते. गोफणीतून सुटला का भणभणत सरळ नाल्यापल्याड. दुसरा आहे त्याची चामडी रबरावानी, नख रुतते. तो गोफणीच्या पट्टीले चिपकून राह्यते, सुटाले उशीर लावते, मंग वर चढते अन् पडला तिथंच बसते, गडगडत नाही. नाल्यात भिजलेला असन तं मेलेला — फेकला का धप. अन् घासलेला तं कामाचाच नाही. अंगावरचे बारीक खड्डे गेले का पेलेल्या माणसावानी बाजूले झोकांड्या खाते. मले वाटे खड्डे शोभेले असन. नाही. खड्डे गेले का चाल गेली.

गोफण माह्या आईनं, माह्या याडीनं, वळलेली. ती मेली, दोर अजून तुटला नाही. बबिताले म्हटलं, घे, तू बी फेक. ती म्हणे, "याडी, माहा हात वर होत नाही."

बरगडी.

२ ऑक्टोबर, दसरा

एक सायब तारेपाशी येऊन उभा. गोरा, ढेरीवाला, हातात एकच पांढरा मोजा. "मौसी, एक पीला बॉल इधर आया क्या? नया था." डालग्यातून काढून दाखवला. लेकरू भेटल्यावानी खूश झाला. "यही! ये सॉफ्ट है मौसी. मारो तो हाथ में फील आता है." मी लाल पट्ट्याचा दाखवला. म्हणे, "अरे वो तो प्रॅक्टिस का है. पत्थर. हाथ झनझना जाता है."

त्याचा त्याले देऊन टाकला. वरून आपट्याचं पान दिलं, दसरा आहे म्हणून. त्याले समजलं नाही, पण खिशात ठेवलं. माणूस वाईट नाही.

घरी येता येता डोक्यात तेच. मारणाऱ्याच्या हाताले कसं वाटते, यासाठी बॉलाच्या एवढ्या जाती केल्या याईनं. ज्याले लागते त्याले कसं वाटते हे कोणी पाह्यलं? मी पाहीन.

५ ऑक्टोबर, रविवार

पाह्यलं. धुऱ्यावर दोन कोहळे ठेवले. एकाले लाल पट्ट्याचा हाणला. कवटी फुटल्यावानी फुटलं, बिया माह्या पायापर्यंत. दुसऱ्याले मऊ हाणला, तेवढ्याच जोरानं, तेवढ्याच दुरून. वरून काहीच नाही, निस्तं गोल निशाण. वाटलं वाया गेला. इळ्यानं चिरलं तं अंदर सगळा गीर रगडलेला. बबितानं बोट घालून पाह्यलं. म्हणे, "याडी, भाजी करू. मले चावा नाही लागणार."

केली भाजी. दोघी खाल्लो.

वरून साबूत अन् अंदर रगडा. या माराची मले जुनी ओळख आहे. आज ते लिहीत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

उजाडता उजाडता जवारीत डुक्कर. चांगला गाढवाच्या शिंगरूएवढा. ताटं मोडून मोडून खाऊन राह्यला, जसं बापाचं वावर. मी मचानावरून लाल पट्ट्याचा सोडला, बरोबर थुतरावर. हाड वाजलं ते मले आयकू आलं. पळाचं सोडून तो माह्याकडंच धावला. मी जागची हालली नाही. दुसरा डोळ्यावर बसला. गरकन फिरला, किंचाळला, तार तोडून मैदानात घुसला. सायबाईच्या हिरव्यागार गवतावर लाल रेघ ओढत गेला.

बरं वाटलं. गंज बरं वाटलं. त्या डुकराच्या तोंडाजागी मले कोणाचं तोंड दिसून राह्यलं होतं ते मी अन् चिंतामणी जाणे. तिसरा बॉल गोफणीत घातलाच होता, डुक्कर गेल्यावर बी फिरवतच होती. बबिता खालून म्हणे, "याडी, गेला तो. थांब आता."

कमरेले दोन पिशव्या शिवून घेतल्या. उजवीकडं टणक, डावीकडं मऊ. न पाहता हात जाते.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

शामच्या घरून निरोप — दिवाळी झाली का पोरीले न्याले येतो, तयार ठेवा. गाय आहे का?

बबिताचा बाप म्हणे, "जाऊ दे ना. तिचं घर तिकडं आहे." मी म्हटलं, "दात बी तिकडंच आहे. पहिले तो मागवून घे." तो म्हणे, "तुह्या अशा तोंडामुळंच पोरीचं नांदणं होत नाही."

तापला तवा उचलला होता मी. ठेवून देला. तवा घरचा आहे, वाकला तं भाकरी कायवर करू.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आला. घरी नाही गेला, सरळ वावरात घुसवली फटफटी. बबिता कापूस येचून राह्यली होती, मी मचानावर. राम राम नाही, काही नाही. "चाल" म्हणे. ती म्हणे, "याडीले विचारा." त्यानं येणी धरली अन् तासातून ओढत निंघाला. तिच्या ओट्यातला कापूस सांडत गेला मागं.

मी केव्हा उतरली मले आठवत नाही. गोफण फिरून राह्यली होती, अंदर टणक. त्याचं कानशील मले परातीएवढं मोठं दिसून राह्यलं होतं. सोडला असता तं आज मी हे जेलात बसून लिहिलं असतं, अन् मले त्याचं वाईट नसतं वाटलं. पण बबिताचं डोकं त्याच्या बगलेत होतं. गोफण थांबवली. हात आपोआप डावीकडच्या पिशवीत गेला.

मऊ मांडीत बसला. थप. आवाज बी मोठा नाही. पण पाय गेला त्याचा, येणी सुटली, ढेकळात आडवा झाला. "मारलं रे, मारलं!" बोंबलून राह्यला. मी जवळ गेली. गोफणीत टणक घातला, त्याले दाखवला. म्हटलं, "तो मऊ होता. हा सरळ जाते. तू बी सरळ जाय."

लाथ मारून फटफटी सुरू होईना, पायच उचलत नव्हता. ढकलत ढकलत नेली धुऱ्यापर्यंत.

बबिता मातीत बसून हासाले लागली. दाताची खिडकी दिसली. किती दिवसाची हासली नव्हती.

२६ ऑक्टोबर, रविवार

आमच्या बंजारा तांड्याचे पंच बसले, नायकाच्या, पूनमसिंगच्या अंगणात. शामनं सगळ्याईपुढं मांडी दाखवली. काळीनिळी, वांग्यावानी. सगळे म्हणे, "अरारा." बबिताचा दात गेला तवा यातल्या एकाच्या बी तोंडातून अरारा निंघालं नव्हतं.

बॉल पंचाईत फिरला. नायकानं अंगठ्यानं दाबून पाह्यला. "रुपीबाई, हा तं दगड आहे."

"नायक, तो मऊ आहे. दगड पाह्याचा असन तं हा धरा." लाल पट्ट्याचा त्याच्या दुसऱ्या हातात देला. मागं कोणी तरी फिस्सकन हासलं. नायक नाही हासला. म्हणे, "जमायावर हात टाकला. या तांड्यातल्या पोरी उद्या कोण करीन?"

मी म्हटलं, या पोरीले तं विचारा. बबिता तिथंच बसली होती, पदर तोंडावर घेऊन. कोणी विचारलं नाही.

मंग नायक म्हणे, "किसनसिंग, पोरीचा बाप तू आहे. तू बोल."

बबिताचा बाप उठला. मले वाटलं आता तरी. खरंच वाटलं. लेकीचा गळा पाह्यला आहे त्यानं.

तो म्हणे, "मी बी हिले मारत होतो. विचारा हिले. मस्त मारत होतो, वरून दिसे नाही असा. राह्यली का नाही? संसार झाला का नाही? पोरगी बी राहीन."

सगळ्याईनं माना हालवल्या. जसं काही मोठं शहाणपणाचं बोलला. ठरलं — पुढच्या रविवारी पंच पुन्हा बसतीन, तवा बबितानं शामसंग जाचं, मी शामचे पाय धराचे, गोफण नायकापाशी जमा कराची.

मार मले नवा नाही. चुलीपाशी खाल्ला, बाळंतपणात खाल्ला, ओल्या पोत्यावरून खाल्ला म्हणजे वळ उठत नाही. कोणाले सांगितला नाही. वाटे, मी गिळला तं माह्यापाशीच संपला. तो नाही संपला. त्यानं तो जपून ठेवला होता, अन् आज पंचात काढून माह्याच पोरीवर हाणला. माहं राह्यणं त्यानं साक्षीले उभं केलं. मी राह्यली कायले? बबिता टोंगळ्याएवढी होती अन् माहेरचं दार लागलेलं होतं. सुख होतं म्हणून राह्यली का मी?

परत येताना बबिता माह्या मागं मागं. म्हणे, "याडी, मले ठाऊक होतं. मी जागी राहत होती." एवढंच.

२७ ऑक्टोबर

चूल पेटवली नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

किसनसिंग.

लग्न झाल्यापासून तुह्यं नाव तोंडातून काढलं नाही. आज लिहून राह्यली. तुले वाचता येते. वही तुह्या उशीवर उघडी ठेवली.

मी अन् बबिता वावरात आहो, मचानावर. बकरी आणली, तवा आणला, गोफण आणली. आता कोणापुढं म्हणू नको का ती राह्यली. पंचाईले सांग, जी राह्यली होती ती गेली, आता दुसरा साक्षीदार पाहा.

रविवारी पंच बसाच्या आधी मले जबाब पाह्यजे. सगळ्याईपुढं उभा राहून म्हणतं का नाही — मी मारलं ते चुकलं, अन् माही पोरगी जाणार नाही. हाव का नाही, एवढंच. एकटा ये, धुऱ्याच्या त्या बाजूनच सांग, इकडं पाय ठेवू नको. मऊ बॉल सगळे मी सायबाईले तारेवरून परत केले.

शनिवारी दिवस बुडाच्या आत.