हलगी आधी वाजली

६ जानेवारी

बहिरू पैलवान आमच्या मजल्यावर राहायला आला! समोरच्याच दारात!!

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर पायपुसण्यावर हा डोंगर उभा. हातात एक चप्पल, आणि तिचं काय करायचं ते सुचत नाही असा चेहरा. मागून त्यांची सून आली — गौतमी, हिंजवडीच्या कंपनीत आहे, घरूनच काम करते. म्हणाली, काकू, हे माझे सासरे, नेऱ्याहून आता कायमचं बावधनला आणलंय, त्यांना फारसं काही आठवत नाही. मी मनात म्हटलं, मला काय सांगतेस बाई! ते फुटलेले कान, आणि ती चाल — आधी उजवा खांदा पुढे जातो, मग बाकीचा माणूस. नेरे माझं माहेर आहे.

दूध उतू गेलं. ह्यांनी दोनदा हाक मारली म्हणे.

७ जानेवारी

दुपारी डोळा लागला आणि मी परत शाळेच्या गच्चीवर!

तेव्हा बाईमाणसानं आखाड्याकडे फिरकायचं नाही. यात्रेतल्या कुस्त्या आम्ही पोरी शाळेच्या गच्चीवरून बघायचो. तिथून आखाडा परातीएवढा दिसायचा आणि त्यात दोन उघडी माणसं. चेहरे कळत नसत. माणूस आधी पडायचा, धप्प आवाज मागून यायचा. तेव्हाच सगळं स्वप्नासारखं वाटायचं. हलगी तेवढी स्पष्ट ऐकू यायची, अगदी पोटात.

यात्रेच्या आधी आखाड्याची माती मळायचे — तेल, हळद, लिंबू, आणि घराघरातलं ताक. ताकाची कळशी पोरींनी तालमीच्या उंबऱ्यापर्यंत न्यायची, पुढे गडीमाणसं न्यायची. आमच्या म्हशीचं ताक त्या मातीत आहे म्हणजे थोडी मीसुद्धा आहे, असं मला सोळाव्या वर्षी वाटायचं. हे कधी कुणाला बोलले नाही. ह्यांना तर नाहीच.

१० जानेवारी

गौतमी रडली. तिचे सासरे, म्हणजे आप्पा, जेवत नाहीत. घास तोंडात घेऊन बसून राहतात, मग हळूच काढून ठेवतात. डॉक्टर म्हणाले असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. स्वतःचं नावसुद्धा कधी आठवतं, कधी नाही. त्यांचा मुलगा फिरतीच्या नोकरीवर, ही एकटी कुठे कुठे पुरणार.

मी म्हटलं, दुपारी खाली उन्हात बसव, मी बसते त्यांच्याजवळ.

११ जानेवारी

जेवले!!

पार्किंगच्या बाकावर बसलो होतो. काय बोलावं कळेना, म्हणून मी कुस्तीचं काढलं. नेऱ्याची यात्रा, शेवटची कुस्ती, बहिरू पैलवान विरुद्ध कोल्हापूरकडचा इंद्रजित. "तुमची कुस्ती" म्हटलं नाही, परक्याची गोष्ट सांगावी तशी सांगत गेले. गर्दी किती, झाडांवर किती पोरं चढली, सलामी कशी झडली. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. गौतमीनं घास दिला, त्यांनी चावला. गिळला. आणि म्हणाले, "मंग?"

अख्खी भाकरी संपली. सलामीच्या पुढे मी सरकलेही नव्हते.

ह्यांनी विचारलं, पैलवानासाठी चांगली साडी नेसलीस का. म्हटलं हो. तुम्ही जन्मात वर्तमानपत्राशी तेवढी झोंबाझोंबी केलीत, तुम्हाला काय कळणार.

१४ जानेवारी

संक्रांत. आप्पांनी तिळगूळ घेतला. गोड काही बोलले नाहीत.

१७ जानेवारी

आज खरी कुस्ती सांगितली.

इंद्रजित उंच, गोरा, तेल लावलेल्या खांबासारखा. बहिरू बुटका आणि रुंद. दिवस कलला तरी दोघं एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभेच. मग बहिरू वाकला आणि त्यानं इंद्रजितचे दोन्ही पाय धरले. मी गच्चीच्या कठड्यावर पोट दाबून उभी होते. इंद्रजित खाली, बहिरू वर! इंद्रजितची पाठ मातीकडे चालली, चालली — आणि हलगी वाजली! निकालाची हलगी, झपाझप! सगळं गाव उभं राहिलं, फेटे उडाले!

इथे मी थांबले. आप्पा हसले. दात दोनच उरलेत, पण काय हसले! भाकरी, डाळ, वरून वाटीभर ताक.

संध्याकाळभर मी हलकी हलकी होते. भाजीत मीठ पडलं नाही. ह्यांनी निमूट खाल्लं.

२० जानेवारी

रोज हलगीपर्यंत सांगते. रोज थांबते. रोज जेवतात. मला तेवढंच पाहिजे. हलगी वाजली त्या क्षणी तो जिंकलाच होता की! त्या क्षणाला मी रोज जाऊन बसते आणि तिथलं ऊन अजून तसंच आहे.

२२ जानेवारी

आज हलगीनंतर आप्पा म्हणाले, "मंग?"

मी म्हटलं मंग काय, लोक नाचले. त्यांनी पुन्हा विचारलं, मंग? मी म्हटलं जेवा आधी. त्यांनी घास तोंडातून काढून ठेवला.

२३ जानेवारी

आजही तेच. दोन घास, बस.

खरं काय झालं ते इथे तरी लिहिते. पाठ टेकली नव्हती. एक खांदा अजून वर होता, पंचांनी शिट्टी दिली नव्हती. हलगीवाला आपल्याच गावचा, बहिरूवर जीव टाकणारा — त्याला धीर निघाला नाही. हलगी ऐकून बहिरूनं पकड सोडली. उठला, आमच्याकडे पाठ करून गर्दीला दोन्ही हात वर केले. मागून इंद्रजित उठला, कमरेला धरून त्याला उचलला आणि आपटला. धप्प. तेव्हा शिट्टी झाली. गावाच्या मायेनंच गावचा पैलवान पडला. त्यानंतर बहिरू कधी आखाड्यात उतरला नाही.

मी तेव्हा महिनाभर रडत होते. आई म्हणाली नजर लागलीय.

२४ जानेवारी

गौतमी म्हणाली, "काकू, जिंकले म्हणून सांगून टाका ना. कुणाचं काय जाणार आहे?"

माझं जाणार आहे! कुस्तीच्या नादी लागलेल्या माणसानं काहीही करावं, पण निकाल बदलू नये. तिला ते कसं समजावणार? मला राग आला आणि तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून तो ओसरला. आज आप्पांनी पाणीसुद्धा नीट घेतलं नाही. सोमवारी नळी घालायचं ठरतंय.

२५ जानेवारी

पहाटे स्वप्न पडलं. हलगीवाला हात वर करून बसलाय आणि तो हात खालीच येत नाही. सगळं गाव गप्प. बहिरू दाबतोय, हळू, अगदी हळू, आणि इंद्रजितचा दुसरा खांदाही मातीला लागतो. कुणी ओरडत नाही. फक्त माती उडते आणि उन्हात पिवळी दिसते. मी गच्चीवरून खाली उतरते, आणि कुणी मला अडवत नाही.

उठले तेव्हा उशी ओली होती. चौसष्ट वर्षांची बाई!

२६ जानेवारी

सांगितलं खोटं. "बहिरू पैलवान जिंकला," म्हटलं. स्वप्नातलंच सांगितलं, त्यामुळे तोंड अडखळलं नाही. खांद्यावर घेऊन देवळापर्यंत मिरवलं, नारळ, फेटा, सगळं सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं. मग पूर्ण जेवले, ताट पुसून. गौतमीनं माझा हात धरला.

नळी टळली. माझं काय गेलं ते माझ्याजवळ राहू दे.

२७ जानेवारी

आज मी तोंड उघडायच्या आधी आप्पाच बोलले.

"बाई, त्यो पडला, त्येच्या पाठीची माती झाडली का कुनी?"

जिंकणाऱ्याला गाव उचलतं. पडलेल्याची पाठ त्याच्या माणसानं झाडायची असते, वस्तादानं नाहीतर भावानं. त्या दिवशी त्याची सगळी माणसं हलगीवाल्याला मारायला धावली होती. तो एकटा ओढ्याच्या वाटेनं गेला, लाल पाठ घेऊन. हे फक्त गच्चीवरून दिसत होतं.

"न्हाई आप्पा," मी म्हटलं. "कुनीच न्हाई झाडली."

आप्पा बाकावर सावकाश वळले आणि त्यांनी पाठ माझ्याकडे केली. मी पदर हातात घेतला.