कापसाचा लाल बोळा

मंगळवार, संध्याकाळ. सुपा.

आज माझ्या पोरीला नापास केलं. एका लाल बोळ्यावरनं.

शीतलच्या दात साफ करायच्या कोर्साची आज नगरला शेवटची परीक्षा हुती. पास झाली असती तर लायसन मिळालं असतं. पेशंट आपला आपणच आणायचा, म्हणून मीच गेले. आता मोठ्या डॉक्टरांपुढं मिश्रीचं काळं तोंड कसं दाखवायचं? सकाळी मीठ घेऊन बोटानं खसाखसा घासलं. हिरड्या तेव्हाच सोलल्या. शीतलला सांगितलं न्हाई, लाज वाटली.

पोरीचा हात लई हलका. मला कळलंबी न्हाई. पण शेवटी परीक्षेचे सर आले, कापसाचा बोळा बघितला, लाल. म्हणाले, "हिचा हात जड आहे." झालं, नापास. अर्धा तास पोर काम करत हुती, तेव्हा हा बाबा कुठं हुता? सुरू करायच्या आधी माझं तोंड बघितलं का कुणी? आणि मी, गावाशी भांडणारी, तोंडात नळी घेऊन नुसती आ करून पडलेली.

एसटीत खरं सांगितलं. शीतल म्हणाली, "मला माहीत हुतं आई. हिरड्या बघूनच कळलं."

"मग बोलली का न्हाईस, भवाने?"

"सगळ्यांपुढं आईची लाज काढू व्हय?"

तो बोळा डोळ्यापुढनं हलत न्हाई. उद्या पहिल्या एसटीनं परत जाते. त्या सरापुढं आधी बोलते, मग आ करते. मिश्रीसकट.