नकाशात न बसलेली खोली

सोमवार, ४

शेवटी नोकरी लागली, आणि काम असं की ताईला सांगताना मलाच हसू आवरेना. दिवसभर व्हिडिओ गेम खेळायचा आणि त्यातल्या चुका लिहून काढायच्या. ताईने नाक मुरडलं. घोड्याएवढी झालीस तरी खेळच सुचतात, म्हणाली, आणि लगेच माझ्या नव्या कुडत्याची बाही आत घ्यायला बसली.

गेम तसा म्हातारा आहे, माझ्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनीच लहान. खेळणाऱ्याला स्वतःचं शरीर दिसत नाही, समोर धरलेली बंदूक तेवढी दिसते. खोल्यांमागून खोल्या आणि त्यांत राक्षस. कंपनी तो नव्या कॉम्प्युटरवर चालेल असा करून पुन्हा बाजारात आणणार आहे. मला शिकवायला एक वयस्कर गृहस्थ आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही. मूळ गेम बनवणाऱ्यांत ते होते. चहा बशीत ओतून पितात आणि कुणी हसलं तर त्याच्याकडे बघून आणखी जोरात फुरका मारतात. माझं त्यांच्याशी जमणार.

मंगळवार, ५

आज फुग्याशी ओळख झाली. हा गेममधला उडणारा राक्षस. सोललेल्या बटाट्याच्या रंगाचा मोठा गोळा, डोळे नाहीत, मधोमध तोंड. मास्तरांनी त्याचा मातीचा पुतळा करून आठ बाजूंनी फोटो काढले होते, आणि पडद्यावर दिसतो तो त्याच फोटोंतून. तो पुतळा अजून त्यांच्या कपाटात आहे, पण त्यांनी दाखवला नाही.

फुगा पूर्णपणे आवाजावर चालतो. गप्प राहिलात तर छताशी झोपलेला असतो. एकदा तुमचा आवाज त्याने ऐकला की मात्र मागे लागतो. हळू येतो, तरंगत, पण थांबत नाही. तोंड उघडलं की आग बाहेर पडते. ऑफिसात सगळे त्याच्यावर वैतागलेले आहेत. मला तो आवडला. त्याचं काम तो चोख करतो.

गुरुवार, ७

इथे एक रीत आहे. नव्या माणसाने पहिल्या आठवड्यात स्वतःचं घर गेममध्ये बांधायचं, आणि मग सगळ्यांनी त्यात हिंडून यायचं. काल संध्याकाळी मी पावलांनी घर मोजलं. ताई म्हणाली, बाई वेडी झाली.

अडचण एकच आली. हा जुना गेम वरून पाहिलेल्या नकाशावर चालतो, त्यामुळे एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली त्यात बसतच नाही. आमच्याकडे ताईची खोली स्वयंपाकघराच्या वर. तिचा पलंग, शिलाई मशीन, ताग्यांचे ढीग, सगळं तिथे. दोनदा प्रयत्न केला, मग सोडून दिलं. खोली काढलीच नाही आणि जिनाही नाही, तिथे साधी भिंत ओढली. मोकळ्या झालेल्या जागेत स्वयंपाकघराचं छत दुप्पट उंच केलं आणि मोरीच्या वर फुगा टांगून ठेवला. उंच छत त्याला उडायला बरं.

ताईला सांगितलं तर म्हणाली, मला घराबाहेर काढलंस आणि त्या भोपळ्याला ठेवलंस. खूप हसलो.

शुक्रवार, ८

सगळ्यांनी माझं घर पाहिलं. फुगा बघून हसून हसून पुरेवाट. मास्तर शेवटी बसले. स्वयंपाकघरात शिरले आणि त्यांनी माउसवरून हात काढला. विचारलं की हा इथे कुणी ठेवायला सांगितला. घर रिकामं ठेवायचं असतं, हे तुला कुणी बोललं नाही का, म्हणाले. खरंच कुणी बोललं नव्हतं. आत्ताच्या आत्ता काढ, म्हणाले. सगळ्यांसमोर बोलले म्हणून मला राग आला. सोमवारी काढते म्हणून उठले.

रविवार, १०

स्वयंपाकघरातला दिवा गेला. नेहमीच्या स्टुलावर चढले तर हात पोचेना. नेहमी पोचतो. ताईने खाली उभं राहून, तू उंचीने आटलीस, असं निदान केलं. शेवटी शेजारून शिडी आणली, तेव्हा कुठे जमलं.

मोरीच्या वर भिंतीला काळा डाग पडलाय. पातेलं करपल्यावर उठतो तसा. पण तिथे शेगडी नाही.

सोमवार, ११

फुगा नकाशातून पुसला. जतन केलं. पुन्हा उघडून पाहिलं तर फुगा होता. मोरीवर नव्हता, मधल्या बोळात होता. मी त्याला तिथे ठेवलेलं नाही.

चार वेळा पुसला. पाचव्यांदा मास्तरांना बोलावलं.  ते म्हणाले की पहिल्या वर्षी आणखी एकाने गमतीत असंच केलं होतं, रीत त्यानंतर बदलली. त्याच्या घराचं काय झालं विचारलं. घर आहे तिथेच आहे, म्हणाले. आणि त्या माणसाचं, विचारलं, तर चष्मा पुसत बसले. मग एवढंच म्हणाले की नकाशात जे आहे तेच घरात राहतं.

मला आधी भिंतीवरचा डाग आठवला. मग ताई आठवली, नकाशात तिची खोलीच नाही. कशीबशी घरी आले. ताई वर मशीन चालवत होती. जिना चढून तिला मिठी मारली. तिने कपाळाला हात लावून ताप बघितला. आज रात्री माझ्यासोबत खाली झोप म्हटलं तर हसली, उद्या ब्लाऊज द्यायचेत म्हणाली. मी तिला सगळं सांगायला हवं होतं. वेड्यासारखं वाटलं, म्हणून सांगितलं नाही.

मंगळवार, १२

संध्याकाळी घरी आले तर जिना नाही.

जिथे होता तिथे भिंत आहे. गुळगुळीत, रंग लावलेली, जुनी. ताईचा मोबाइल ओट्यावर चार्जिंगला. ताईच्या चपला दारात. वरून मशीनचा आवाज येत होता.

मी हाक मारली. मशीन थांबलं. मग छतावर ठोकल्याचा आवाज, तीनदा. ताईच. आई गेल्यावर मला वाढवलं तिने, तिचं ठोकणं मला कळतं. पुन्हा हाक मारणार होते, तोवर बोळात काहीतरी भिंतीला घासत सरकायला लागलं.

आवाजाने जागा होतो तो. म्हणजे मीच उठवलं त्याला.

बुधवार, १३

गवंड्याला आणलं. कुजबुजत सगळं सांगितलं. भिंत बोटाने वाजवून बघितली त्याने, बाहेर जाऊन घर बघितलं, परत आला. म्हणाला की बाई, या घराला वरचा मजला नाही. बाहेर जाऊन मीही पाहिलं. सपाट गच्ची. इतकी वर्षं तिथे ताईची खिडकी होती.

तो निघताना वरून ठोकलं गेलं. त्यालाही ऐकू आलं, त्याचा चेहरा बघितला मी. थापी विसरून गेला.

दुपारी स्वयंपाकघराच्या दारातून डोकावले. छत आता दिव्याच्या उजेडापलीकडे गेलंय. तिथे तो होता. पिवळट, मोठा. ताई ठोकते तिथे छताला अंग घासत होता, पुन्हा पुन्हा, फट शोधत असल्यासारखा. ताई, ठोकू नकोस — हे तिला सांगायचं तर ओरडावं लागेल.

गुरुवार, १४

मास्तरांनी ऑफिस उघडून दिलं आणि निघून गेले. माझ्याकडे बघवत नव्हतं त्यांना.

नकाशात ताईची खोली काढली. वर बसत नाही म्हणून बाजूला, बैठकीच्या खोलीला लागून. पलंग, मशीन, दार, सगळं. तळमजल्यावर असली तर बिघडलं कुठे, बाहेर तर येईल.

घरी धावत आले. खोली आहे. जशीच्या तशी, अर्धवट शिवलेला ब्लाऊजही मशीनवर. ताई नाही.

ठोकणं वरूनच येतंय. हळू झालंय. दोन दिवस पाणी नाही तिला.

नुसती खोली काढून भागत नाही. माणूस ठेवायला हवा. पण ठेवायला काय काय आहे ती यादी मला पाठ आहे — गोळ्या, औषधाच्या पेट्या, बारा राक्षस. माणूस एकच. खेळणारा. गेम सुरू होताना तो जिथे उभा असतो ती खूण घरात एकदाच ठेवता येते, आणि ती मी माझ्या खोलीत ठेवली होती.

शुक्रवार, १५. ऑफिसात

ती खूण उचलून ताईच्या खोलीत ठेवतेय. मग मला जागा उरत नाही, कळतंय. असेन ती राहीन — भिंतीत, छताच्या वर, कुठेही. भीती वाटते. खूप वाटते. पण काल संध्याकाळपासून ठोकणं बंद आहे.

ठेवली. जतन केलं.

शुक्रवार. घरी

आली. ताई आली. मशीनपाशी उभी, ओठ सुकलेले, पण उभी. दारातून बघितली मी. तेवढीच.

मग डोळ्यांपुढे अंधार. अजून तसाच आहे. ओळी एकावर एक येत असतील.

फुग्याचं घासणं ऐकू येत नाही कुठे. बोळात नाही. स्वयंपाकघरात नाही.

पाय जमिनीला लागत नाहीत —

हाक मारली ताईला. एकदाच. तोंडातून आग, खिडकीचा पडदा पेटला. ती किंचाळली, मग घडा ओतला वाटतं. आता काठी आहे तिच्या हातात. फरशीला लागते. तिने आवंढा गिळला, तोही ऐकू आला. काळीज धडधडतंय तिचं, तेसुद्धा —

तोंड उघडायचं नाही आता. लिहून पान खाली टाकते. वाचेल ती.

ताई मी आहे. तुझ्याकडे येतेय ती मुद्दाम नाही. तू हललीस की अंग आपोआप — मी भिंत धरून ठेवलीय, धरवत नाही. दार तुझ्या डाव्या हाताला. अनवाणी जा. काठी टाकू नकोस, वाजेल. रडू नकोस ताई, श्वाससुद्धा हळू घे, नाहीतर मला तुझा